समोरच्याकडे चावी

शुक्रवार

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर होतं, कंडक्टरच्या तोंडात नगर, आणि माझ्या तिकिटावरची शाई इतकी फिकी की त्यावर दोन्हीपैकी काहीच वाचता येत नव्हतं. रत्नागिरीहून येणाऱ्याला इथं आधी जाणवतो तो कोरडेपणा. आमच्याकडे डब्यातलं मीठसुद्धा ओलं होतं. इथं दुपारपर्यंत माझे ओठ उलले होते. माळ, बाभळी, मध्येच कुठं उसाचा हिरवा तुकडा, आणि मग एकदम शहर.

मला बोलावलं होतं मार्थाने. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. ती नर्सिंगला, मी ग्रंथालयशास्त्राला. आता दोघी निवृत्त. ती नगरला हौदाच्या पेठेत राहते आणि अजूनही अर्ध्या पेठेला इंजेक्शनं देते, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणतात. फोनवर म्हणाली होती, "सुमे, रविवारी आमच्या गल्लीतून मिरवणूक जाणार. दंगलीनंतरची पहिली. तू ये. घाबरायला कुणीतरी सोबत पाहिजे."

घाबरण्याच्या कामात माझा अनुभव दांडगा आहे. मी लगेच तिकीट काढलं.

हौदाची पेठ म्हणजे एकच लांब गल्ली. मधोमध दगडी हौद, दोन्ही बाजूंना दुकानं, वर राहती घरं. गेल्या वर्षी कुणीतरी मोबाईलवर काहीतरी टाकलं, कुणीतरी ते वाचलं, आणि दुपारी चार वाजता गल्लीतली दुकानं जळत होती. कुणी जाळली, हे मी तीन दिवसांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. "बाहेरचे हुते," एवढंच. हे सांगताना माणूस खाली बघतो.

त्यानंतर गल्लीने जे केलं ते बघण्यासारखं आहे. राडारोडा लोकांनी स्वतः उचलला. गवंडी, वेल्डर, रंगारी सगळे गल्लीतलेच निघाले. प्रत्येकाने आपापल्या कामाचे दिवस दिले. हौदातला गाळ काढला. रोज संध्याकाळी हौदाच्या कट्ट्यावर दोन्हीकडच्या बायका भाजी निवडायला बसतात. मार्थाने तशी पाळीच लावली आहे.

सगळ्यात जास्त जळलं होतं हनीफभाईंचं गाद्यांचं दुकान. कापूस तो, त्याला काडी नुसती दाखवली तरी पुरे. दुकान पुन्हा उभं राहिलं, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी एका रविवारी आपापल्या घरच्या गाद्या उसवल्या आणि कापूस पुन्हा पिंजायला हनीफभाईंकडे नेऊन टाकला.

"हनीफ एकटा आन् गाद्या ढीगभर," मार्था म्हणाली. "दोन महिने सगळी पेठ सतरंजीवर झोपली. सगळ्यांच्या पाठी गेल्या. इंजेक्शनं मीच दिली."

जेवायला तिने शेंगोळे केले होते: हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेले. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मार्था म्हणाली, "आत्ता झाला ओलावा."

शनिवार

सकाळी नऊला मार्थाने मला गॅलरीत उभं केलं. "बघ आता," म्हणाली.

खाली दुकानदार आपापल्या बंद दुकानासमोर उभे होते आणि कुणीच आपलं कुलूप उघडत नव्हतं. मग एकेक जण गल्ली ओलांडून समोर गेला, खिशातून चावी काढली, आणि समोरच्याचं शटर वर केलं. हनीफभाईंनी दत्तू रासकरच्या हारफुलांच्या दुकानाचं शटर उचललं. दत्तू रासकरने हनीफभाईंच्या गाद्यांच्या दुकानाचं. संध्याकाळी हेच उलटं. आपल्या दुकानाची एकही चावी आपल्याकडे ठेवायची नाही, समोरच्याकडे द्यायची, असा या गल्लीचा नियम आहे, आणि समोरचा शक्यतो दुसऱ्या धर्माचा.

असं का, ते मला हनीफभाईंच्या बायकोने, झरीनाभाभींनी, समजावून सांगितलं. त्या श्रीगोंद्याच्या. दुकानाच्या मागेच त्यांची एक खोली आहे, दार बाजूच्या बोळात. तिथं त्यांनी चहा दिला.

"त्या दिवशी गडबड ऐकली आन् सगळ्यांनी शटरं पाडली, घरला पळाले," त्या म्हणाल्या. "जळली ती समदी बंद दुकानं. बंद शटरला काडी लावायला कुनाचा हात थरथरत न्हाई, ताई. आत मानूस बसलेला दिसला की इचार करावा लागतो."

म्हणून ठरलं, की गडबडीच्या दिवशी दुकानं उघडी ठेवायची आणि माणसांनी आत बसायचं. आणि कुणी घाबरून एकटाच पळून जाऊ नये म्हणून चाव्या समोरच्याकडे.

"उद्या काय होईल असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

झरीनाभाभींनी कपातला चहा बशीत ओतला. "मी ह्यांना सांगून ठेवलंय. उद्या मिरवणूक जाताना आपलं शटर उघडं राहिलं, तर ऱ्हाऊ हितं. न्हाई राहिलं, तर माझ्या भावाचा गाळा मोकळा हाय श्रीगोंद्याला. मला पुन्हा ती राख झाडायची न्हाई."

हनीफभाई दारात उभे होते. बोटाला चिकटलेला कापूस काढत राहिले.

दुपारी गल्लीचा सत्कार होता. हे उपक्रमशील गल्ल्यांचं दुर्दैव. लोकांनी काही बरं केलं की कुणीतरी त्याचा सत्कार करायला येतं. फ्लेक्सवर अकरा चेहरे होते, त्यांतला एकही गल्लीतला नव्हता, आणि तो नेमका हौदावरच बांधल्यामुळे ज्याचं कौतुक होतं तो हौद दिसत नव्हता. पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांनी आणलेली थर्माकोलची सोनेरी चावी पुरुषभर लांब होती. हनीफभाई आणि दत्तू यांनी ती दोन टोकांना धरायची आणि हसायचं.

"थोडं जवळ या की, भाऊ-भाऊ वाटलं पाहिजे!" फोटोग्राफर ओरडला.

"आमी पाचवीपासून एका बाकावर हाय," दत्तू म्हणाला. "आनखी किती जवळ येऊ?"

लोक हसले. हनीफभाईसुद्धा हसले. पाहुण्यांनी भाषणात गल्लीला 'संपूर्ण देशासाठी दीपस्तंभ' म्हटलं. मी समुद्रकाठची असल्याने दीपस्तंभ पाहिलेले आहेत. खडक असतो तिथंच ते बांधतात.

पाहुणे गेल्यावर दत्तूच्या दुकानापाशी मी शेवंतीचा गजरा घ्यायला थांबले. त्याचा मुलगा विकास ढोलपथकात आहे. पंचविशीचा, दंडांनी भरलेला. तो बापाशी खालच्या आवाजात बोलत होता, पण गल्ली अरुंद.

"उद्या तुमी दुकानावर येऊ नका, आबा."

"का रं?"

"तुमी त्याचं शटर उचलताना पोरं बघनार. मला कायकाय ऐकावं लागतं तुमाला ठाव न्हाई."

"रोजच उचलतो."

"रोज पोरं नसत्यात."

दत्तूने मला गजरा बांधून दिला. गाठ मारताना दोरा दोनदा तुटला. दंगलीच्या दिवशी विकास कुठं होता, हे पेठेत सगळ्यांना माहीत असावं किंवा कुणालाच नसावं. हनीफभाईंनी ते कधी विचारलेलं नाही, असं मार्था म्हणते. मला ते न विचारणं चावीपेक्षा जड वाटलं.

रविवार

मिरवणूक कुठल्या निमित्ताची होती ते लिहीत नाही. निमित्तांची आपल्याकडे टंचाई नाही. अकराला ती गल्लीत शिरणार होती.

नऊ वाजता दत्तू आला नाही.

बाकीची शटरं एकेक करून वर गेली. हनीफभाईंनी नेहमीप्रमाणे गल्ली ओलांडली, दत्तूचं दुकान उघडलं, बादल्या बाहेर मांडल्या, फुलांवर पाणी शिंपडलं. झेंडूच्या माळा पुढं टांगल्या. मग ते परत येऊन आपल्या बंद शटरसमोर उभे राहिले. दत्तू राहतो सावेडीच्या बाजूला. मार्था आणि मी खाली उतरलो. तिने त्याला फोन लावला तर बंद.

साडेनऊ. दहा. लांबून ढोल ऐकू यायला लागले. ढोलाचा आवाज लांबून येतो तेव्हा कानात येत नाही, पोटात येतो. गल्लीच्या तोंडाशी चार पोलीस खुर्च्यांवर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"सिस्टर," हनीफभाई म्हणाले, "त्यो येत न्हाई."

"येईल."

"यायचा असता तर नऊला आला असता. चाळीस वर्षं बघतोय त्याला, पाच मिनिटं उशीर न्हाई." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. सरळ होता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

झरीनाभाभी मागच्या खोलीतून बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शटरकडे पाहिलं आणि आत गेल्या.

आता मी केलेली चूक लिहिली पाहिजे. आयुष्यभर लोकांना पुस्तकं शोधून दिल्यामुळे मला अशी खोड लागली आहे की कुणी अडलेलं दिसलं की काही ना काही सुचवायचं. मी म्हटलं, "कुलूप तोडा ना. एक कुलूप काय, दुसरं आणता येईल."

मला ते अगदी साधं वाटलं होतं. आमच्याकडे चावी हरवली की तोडतातच. शेजारचा पोपट सायकलवाला मोठी हातोडी घेऊन आला. "सरका," म्हणाला आणि एक घाव घातला.

त्या एका आवाजाने पेठ गोठली.

गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं उभी होती. त्यांना दिसलं ते एवढंच: मिरवणूक जवळ आली आहे आणि एक हिंदू माणूस हनीफ गादीवाल्याच्या बंद शटरवर हातोडी मारतो आहे. वरच्या खिडकीतून एक बाई किंचाळली, "फोडायला लागले वो!" हौदापलीकडे दोघांनी मोबाईल वर धरले. कुणीतरी पळालं, आणि एक पळाला की दहा पळतात. शटरं खाली यायला लागली. धाड. धाड. धाड. तो आवाज टोकापासून आमच्याकडे सरकत येत होता. पोपट हातोडी घेऊन तसाच उभा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी भिंतीला पाठ लावली. गेल्या वर्षी हे असंच सुरू झालं असेल, आणि या वर्षी ते मी सुरू केलं होतं, दोन दिवसांची पाहुणी.

मार्था गल्लीच्या मध्यभागी गेली. तिने आधी पोपटच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि खाली ठेवली. मग वॉर्डात ओरडायची त्याच आवाजात ओरडली, "ए! मोबाईल खाली घे! चावी न्हाई म्हनून कुलूप तोडतोय त्यो! हनीफ हितंच उभा हाय, त्याला इचार!"

हनीफभाईंनी हात वर केला. "मीच सांगितलं!" ते ओरडले. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोबाईल खाली आले; त्याआधी काय गेलं असेल ते गेलं असेल. खाली आलेली शटरं काही पुन्हा अर्धी वर झाली, काही नाही. ढोल वळणावर आले होते.

तेव्हा दत्तू आला. पळत नव्हता. पळायचा जोर त्याच्यात दिसत नव्हता. अंगात घरचाच शर्ट, पायात चप्पल नाही. तो हनीफभाईंच्या समोर येऊन थांबला आणि खिशातून चावी काढली.

"घरात बसलो हुतो," तो म्हणाला. "दार लावून. भ्यालो."

"उघड," हनीफभाई म्हणाले.

दत्तू वाकला. चावी आत गेली, फिरेना. हातोडीच्या घावाने कुलूप चेपलं होतं. त्याने दोन्ही हातांनी फिरवून पाहिली. पोपटने तेल ओतलं. चावी वाकायला आली. झेंडे वळणावरून दिसले, मागोमाग पहिली रांग, आणि पहिल्या रांगेत डाव्या कडेला विकास.

"राहू दे," हनीफभाई म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "जा तू, आपल्या दुकानात बस."

दत्तू गेला नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं, बसायला काही नव्हतं, मग तो हनीफभाईंच्या पायरीवर शटरला पाठ टेकून खालीच बसला. हनीफभाई गल्ली ओलांडून झेंडूच्या माळांखाली, दत्तूच्या गादीवर जाऊन बसले. असे दोघं समोरासमोर, एकमेकांच्या दुकानांवर, आणि मधून मिरवणूक.

पुस्तकांत मी गर्दीची वर्णनं खूप वाचली आहेत. त्यांत घामाचा वास नसतो. गुलाल नाकात गेला की ओरडताही येत नाही, हेही नसतं. ढोल अंगावर आले. हनीफभाईंच्या शटरपाशी घोषणा दुप्पट जोरात आल्या. कुणीतरी मूठभर गुलाल शटरवर फेकला. तो दत्तूच्या डोक्यावर, खांद्यांवर पडला. तो डोळे मिटून बसून राहिला.

पथकाच्या म्होरक्याने हात वर केला. मार्थाने माझं मनगट धरलं. हात वर म्हणजे थांबा, इथं रिंगण करून वाजवा. नेमकं इथं.

पण पथक चालतं ते म्होरक्याच्या हातावर नाही, हे मला नंतर मार्थाने सांगितलं. आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे पहिल्या रांगेतल्या कडेच्या ढोलकऱ्याचे पाय बघतात. तो चालला की सगळे चालतात. विकासने बापाकडे पाहिलं. पाहिलं हे नक्की. मी समोरच होते. त्याचा एक ठोका चुकला. आणि तो थांबला नाही. पावलं टाकत राहिला. त्याच्या मागची रांग चालली, तिच्यामागची चालली, म्होरक्या हात वर करून चार पावलं उलटा चालला आणि मग त्यानेही हात खाली घेतला.

ते बापासाठी होतं, की बाप तसा बसलेला पोरांनी फार वेळ बघू नये म्हणून, मला सांगता येणार नाही. विकासलाही येईल असं वाटत नाही.

शेवटची रांग गेल्यावर मी खाली बसले. मार्थाने माझी नाडी पाहिली. "जिवंत हायेस," म्हणाली.

पोपटने करवतीच्या पात्याने कुलूप कापलं, त्याला दुपार झाली. मी हनीफभाईंची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमची चूक न्हाई, ताई. तुमाला कुठं ठाव, आमच्याकडं हातोडीचा आवाज कसला वाटतो ते."

झरीनाभाभी बाहेर आल्या. शटरवरचा गुलाल त्यांनी ओल्या फडक्याने पुसायला घेतला. हनीफभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "शटर बंदच राहिलं."

"दिसलं मला."

"मंग? श्रीगोंद्याला फोन करू?"

त्यांनी फडकं पिळलं. लाल पाणी पायरीवरून गटारात गेलं. "हितं मानूस बसला हुता," त्या म्हणाल्या. "राहू दे फोन." आणि पुसत राहिल्या. पण त्या दुपारभर हसल्या नाहीत, आणि रस्त्यावर कुणाची मोटारसायकल फटफटली की फडकं थांबत होतं.

सोमवार

माझी गाडी साडेआठची होती. मी ती सोडली. नऊ वाजता काय होतं ते बघितल्याशिवाय मला जाववेना.

दत्तू पावणेनऊलाच येऊन उभा होता. कानामागे गुलाल राहिला होता. हनीफभाईंनी नवं कुलूप आणलं होतं आणि कुलपाबरोबर दोन चाव्या होत्या. चाव्यांची कडी घट्ट होती. त्यांनी नखाने उचकटून एक चावी सुटी केली, दत्तूला दिली. दुसरी तळहातावर ठेवून ते उभे राहिले. नियमाप्रमाणे तीही समोर जायला हवी होती.

झरीनाभाभींनी हात पुढं केला. हनीफभाईंनी चावी त्यांच्या हातावर ठेवली.

गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मार्था हळूच म्हणाली, "झालं. आता समदे आपली दुसरी चावी परत मागनार."

दत्तूचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "असू द्या, भाभी. काल मीच वेळेवर आलो न्हाई."

"व्हय, न्हाई आला," झरीनाभाभी म्हणाल्या. चावी त्यांनी कमरेला खोचली. "म्हनून ही माझ्याकडं. आन् रोज उघडायचं तुमीच."

दत्तू वाकला. शटर करकरत वर गेलं तशी मी दोन पावलं मागं सरकले. झरीनाभाभीही सरकल्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघींनाही जरा लाज वाटली.

"तुमच्याकडं, रत्नागिरीला, दार कोन उघडतं?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं तो. माझी चावी माझ्या पर्समध्ये असते."

आत हनीफभाईंनी पिंजायचं मशीन सुरू केलं. कापसाचे बारीक तंतू दारातून बाहेर उन्हात यायला लागले.

"मग एखादा आला न्हाई," त्या म्हणाल्या, "तर तुमाला कळतं कसं?"

"कळत नाही," मी म्हटलं.